सत्यभामाबाईंची न धुतलेली मच्छरदाणी

उंद्रीच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावरचं ते गाव. तिथं सत्यभामाबाईंचं घर कोणतं, हे कुणाला विचारावं लागत नाही. ज्या घराच्या दाराची कडीसुद्धा चकाकते, ते त्यांचं. बाईंना धुण्याचा नाद. नाद कसला, वेडच म्हणा! त्यांच्या घरात वस्तूंचे प्रकार दोनच, एक धुतलेली आणि दुसरी धुवायला काढलेली. मागच्या पोळ्याला त्यांनी बैलांच्या झुली धुतल्या, वाळवल्या, पुन्हा धुतल्या, आणि तरी मन भरेना म्हणून तिसऱ्यांदा बादलीत टाकल्या. तेव्हा अर्जुनराव वैतागून म्हणाले, "आता झुली राहू दे, बैलच पिळून दोरीवर टाक."

अर्जुनराव म्हणजे बाईंचे यजमान. ग्रामपंचायतीचे सदस्य. माणूस भला, पण माईक दिसला की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळतात. मुलगा गोविंदा नांदुऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, रविवारी घरी यायचा. आणि घरात सून सुचिता.

या सुनेवर बाईंचा जीव. तोंडानं कधी म्हणायच्या नाहीत, उलट दिवसभर हे असं का ठेवलं अन् ते तसं का ठेवलं चालूच. पण मागच्या भादव्यात सुचिताला मलेरिया झाला, तीन गोधड्या घालूनही पोरीचे दात थांबेनात, तेव्हा बाई उशाशी बसून राहिल्या आणि मधूनच न्हाणीत जाऊन एकट्या रडून आल्या. त्या आठवड्यात घरात धुणं पडून राहिलं होतं. यावरून काय ते समजा.

तर यंदा पेरण्या आटोपल्या आणि बुलढाण्याच्या हिवताप कार्यालयातून प्रेरणा मॅडम गावात आल्या. सोबत मच्छरदाण्यांचे गठ्ठे. त्यांनी समाजमंदिरात बायांना बसवून समजावलं, की या मच्छरदाणीच्या धाग्यालाच औषध आहे, मलेरियाचा डास बसला की मरतो. पण लोक मच्छरदाणी धुतात. मग धुऊन धुऊन औषध किती टिकतं, हे बघायचं आहे. म्हणून अर्ध्या घरांनी मच्छरदाणी महिन्यातून एकदा धुवायची, अर्ध्या घरांनी अजिबात धुवायची नाही. दिवाळीनंतर सगळ्या गोळा करून त्यांच्यावर डास सोडून पाहणार. कुणाला कोणती, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार.

सुचिताला नुकतेच दिवस गेले होते. मच्छरदाणी मिळतेय म्हटल्यावर सत्यभामाबाई सगळ्यांच्या आधी येऊन पुढं बसल्या होत्या. चिठ्ठी उघडली. न धुण्याची!

"म्हणजे किती दिवस नाही धुवायची?" बाईंनी विचारलं.

"दिवाळी होईपर्यंत," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी बोटांवर महिने मोजले. आणि नेमकी धुण्याची चिठ्ठी कुणाला यावी? विमलबाईला!

ही विमलबाई म्हणजे त्यांची चुलत जाऊ. दोघींच्या अंगणात एक भिंत, कमरेएवढी. भिंतीच्या अलीकडे सडा, रांगोळी आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या. पलीकडे कोंबड्या, तुराट्या, उलटी पडलेली घमेली आणि खाटेवर विड्या ओढणारे उकंडराव, म्हणजे विमलबाईचे मालक. विमलबाई स्वभावानं झकास बाई. हसरी, कुणाच्या मदतीला धावणारी. फक्त पाणी आणि साबण एकाच वेळी हातात धरायचं म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा.

आठ दिवस सत्यभामाबाईंनी कसेबसे काढले. सुचिताच्या खाटेवर ती मच्छरदाणी दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. नवीकोरी होती, डागही नव्हता, पण पुढं कधी धुवायची नाही या विचारानंच ती त्यांना मळकी दिसायला लागली. नवव्या दिवशी त्या भिंतीशी गेल्या.

"विमल, ऐकून राह्यली का व?"

"हाव बाई, सांगा."

"तुले धुवायची आली, मले न धुवायची. हे काय बरोबर झालं?"

"माह्यासाठी तं लयच वाईट झालं," विमलबाई म्हणाली. "दर महिन्याले धुवा म्हणतेत मॅडम. माह्या घरी चादर पोळ्याच्या पोळ्याले धुतल्या जाते. त्यातही यंदाचा पोळा राह्यला तं राह्यला."

सत्यभामाबाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "अदलाबदल करू. तुही मले दे, माही तू घे. जी धुवायची ते धुतल्या जाईन, जी नाई धुवायची ते नाई धुतल्या जाईन. मॅडमचं काय बिघडलं?"

युक्ती अशी सरळ होती की विमलबाईला तिच्यात खोट काढताच येईना. पण फुकटात हो म्हणेल ती विमलबाई कसली!

"एका अटीवर. दिवाळी होईस्तोवर माह्या अंगणाबद्दल एक शब्द काढायचा नाई."

अट भारी होती. बाईंनी पलीकडच्या तुराट्यांकडे पाहिलं, घमेल्यांकडे पाहिलं, खाटेखालच्या विड्यांच्या थोटकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाई काढत."

त्याच दुपारी मच्छरदाण्या भिंतीवरून इकडच्या तिकडे गेल्या. कोपऱ्यात नंबराच्या पट्ट्या शिवलेल्या होत्या, त्या काही कुणी उसवल्या नाहीत.

आता धुण्याची रीत मॅडमनी नीट सांगितली होती. थंड पाणी, अंगाच्या साबणाची वडी, हलक्या हातानं खळबळायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं, आणि महिन्यातून एकदाच. पहिल्यांदा सत्यभामाबाईंनी अगदी तस्संच केलं. मग सावलीत वाळणाऱ्या मच्छरदाणीपुढं उभ्या राहून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "हे काय धुणं झालं? हे तं मच्छरदाणीले पाणी दाखवणं झालं."

दुसऱ्या दिवशी बंब पेटला. कढत पाणी, त्यात सोडा, त्यात पावडर, रात्रभर भिजवण, सकाळी दगडावर लाकडी मोगरीचे रट्टे, शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ, आणि भर उन्हात दोरीवर. मच्छरदाणी अशी लख्ख निघाली की बाईंना समाधानानं झोप लागली. मग ते दर बाजाराच्या दिवशी सुरू झालं. सुचितानं एकदा भीतभीत म्हटलं, "आत्याबाई, मॅडम तर म्हणाल्या होत्या..."

"मॅडमले काय समजते?" बाई म्हणाल्या. "त्या मच्छर पाळतेत, मी घर पाळतो. पोटुशी बाई मळक्या कपड्यात निजते का कुठी?"

आणि हे त्या मनापासून म्हणत होत्या, हे ध्यानात घ्या. पोरीची काळजीच तेवढी होती. काळजी वाटली की बाईंना दुसरं काही सुचायचंच नाही, मोगरीच सुचायची.

दिवाळी झाली. सोयाबीन घरात आलं. एका सकाळी मॅडमची जीप फाट्यावर दिसली आणि मच्छरदाण्या गोळा होणार म्हणून गावभर हाळी झाली. दोघी जावा भिंतीकडे धावल्या. लख्ख ती तिकडे गेली, आणि तिकडची इकडे आली.

इकडे आली ती सत्यभामाबाईंनी उलगडून पाहिली. एका अंगाला चहाचा ओघळ. डोक्याच्या बाजूला तेलाचा पट्टा. विड्यांची भोकं इथं एक, तिथं दोन. खालच्या झालरीला कोंबडीनं काय केलं होतं ते न सांगितलेलंच बरं.

"अव विमल, झटकायची तरी!"

"न धुवायची होती नं बाई?" विमलबाई निरागसपणे म्हणाली. "मी नियम पाळला."

झटकायलाही वेळ मिळाला नाही. मॅडमचा माणूस दारात उभा. बाईंनी तिची गुंडाळी करून, पदराआडून, दुसरीकडे बघत त्याच्या हातात दिली. मनाची समजूत घातली की जाऊ दे, पोत्यात जाईल, पोतं बुलढाण्याला जाईल, गावात कोण बघतंय.

पण घरात अर्जुनरावांसारखा नवरा असल्यावर असं साधं सरळ काही होतं का? त्यांनी मॅडमला गळ घातली होती की चाचणी गावातच करा, लोकांना कळलं पाहिजे. समाजमंदिरात मांडव घातला, सतरंज्या टाकल्या, माईक लावला. आणि जेवणं उरकून बाई सुचिताला घेऊन तिथं पोचल्या तर सगळ्या मच्छरदाण्या दोरीवर ओळीनं टांगलेल्या! अगदी मधोमध ती. चहा, तेल, कोंबडी, सगळ्यांसकट.

"नुसते नंबर वाचा हं," प्रेरणा मॅडम सांगत होत्या. "कुणाचं नाव घ्यायचं नसतं."

"मॅडम, नंबराले कोण टाळ्या वाजवते?" अर्जुनराव म्हणाले, आणि माईक हातात घेऊन त्यांनी पट्ट्या बघत एकेक घर पुकारायला सुरुवात केली. विमलबाईच्या नावाला आले तसा बायांमध्ये गलका झाला. उठून उठून बायांनी त्या मच्छरदाणीला हात लावून पाहिला.

"काय धुतली व माय! जसं बगळ्याचं पख!"

"विमलकाकू, कोणतं साबण वापरता?"

"साबणानं काय होते?" विमलबाई पदर सावरत म्हणाली. "हात लागते बाई, हात."

सत्यभामाबाईंच्या कानशिलापर्यंत आग गेली. त्यांचे हात! त्यांची मोगरी! त्यांची नीळ! आणि ती बया तिथं बसून मिरवतेय! एवढ्यात माईकवर पुढचं नाव आलं, "आणि ही मच्छरदाणी, मंडळी, म्हणजे आमच्याच घरची..." अर्जुनरावांनी मान वर करून पाहिलं आणि त्यांचा आवाज बसला.

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग कुणालाच आवरेना. "बाई, वरून वरून एवढं चकचकीत, अन् आतून हे?" कुणीतरी म्हणालंच. सत्यभामाबाई सतरंजीच्या रेघा मोजत बसल्या. बोलावं तर अदलाबदल फुटते, न बोलावं तर जन्मभराची अब्रू जाते. जाऊ दे, त्यांनी ठरवलं, दोन महिने लोक हसतील अन् विसरतील.

मॅडमनी डासांचा पिंजरा काढला. हे डास बुलढाण्याला पाळलेले, कुणाला न चावलेले. प्रत्येक मच्छरदाणीवर प्लॅस्टिकचं नरसाळं उपडं लावायचं, त्यात थोडे डास सोडायचे, ते जाळीवर टेकले की थोड्या वेळानं कागदी कपात घालून वर झाकण लावायचं. नंतर तासभर थांबायचं. अर्जुनरावांना आयुष्यात कुणी तासभर दिला नव्हता. त्यांनी माईक सोडला नाही. स्वच्छता, पाणीपुरवठा आणि फाट्याचा रस्ता, सगळं झालं, पण बायकोकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

तास भरला. मॅडम कप बघू लागल्या. न धुतलेल्या मच्छरदाण्यांवरचे डास पाठीवर पडलेले. त्या चहा-तेल-कोंबडीवालीवरचा तर एकही उठेना. महिन्याला धुतलेल्यांवरचेही बहुतेक आडवे. मॅडम खूश दिसत होत्या. मग त्यांनी विमलबाईच्या नावाचा कप उचलला आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. त्या कपातले डास मजेत भिरभिरत होते.

"विमलबाई, ही तुम्ही कशी धुतली?"

"जशी सांगितली तशी. वडीनं, सावलीत."

"नाही हो. बाकीच्या घरांचीही तशीच धुतलीय, त्यांचं औषध टिकलंय. हिच्यात औषधच उरलेलं नाही. ही जाळी आता नुसतं कापड आहे." मॅडमचा सूर बदलला. "गावात या महिन्यात मलेरियाचे रुग्ण निघालेत. हिच्याखाली जे झोपत होते त्यांचं रक्त मी आत्ताच तपासून घेते. कोण झोपायचं?"

"मी अन् हे," विमलबाई म्हणाली, आणि आता तिचाही आवाज जरा पातळ झाला होता. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी सुई काढून उकंडरावांचं बोट धरलं. उकंडराव गुरासारखे ओरडले. लोक हसले.

"बरं झालं त्या घरात कुणी गरोदर नव्हतं," मॅडम सहज म्हणाल्या. "गरोदरपणात मलेरिया म्हणजे आईला धोका, बाळालाही धोका. त्यांची मला सगळ्यात भीती वाटते."

सत्यभामाबाईंनी ते ऐकलं. शेजारी सुचिता बसली होती, सातवा लागलेला, हात पोटावर. सकाळीच म्हणाली होती, "आत्याबाई, अंग कणकणतंय जरासं." आणि आपण काय म्हणालो? दिवाळीचं काम पडलं म्हणून असेल! ज्या हातांचा एवढा अभिमान, त्याच हातांनी पोरीच्या डोक्यावरचं औषध दर बाजाराला दगडावर बडवून काढलं होतं. मागच्या भादव्यातले ते वाजणारे दात त्यांना जसेच्या तसे ऐकू यायला लागले. त्या तटकन उठल्या, सतरंजीवरच्या बायांना ओलांडत पुढं गेल्या आणि नवऱ्याच्या हातातला माईक हिसकला.

"ते विमलची नाई, माही हाये!" मांडव दणाणला. "म्या बदलली. म्याच धुतली. सोडा टाकून, कढत पाण्यात, मोगरीनं, दर बाजाराले. तिच्याखाली माही सून निजे. मॅडम, आधी तिचं रक्त घ्या. त्या उकंड्याले सोडा, त्याले कोणता मच्छर खाते!"

कुणी हसायच्या आत बाई पुन्हा म्हणाल्या, "अन् ते कोंबडीवाली विमलची. एवढं तं लोकायले समजलंच पाह्यजे." काय करता! जीव घशाशी आला होता, तरी तेवढं राहवलं नाही.

"हाव, माहीच," विमलबाई जागेवरूनच म्हणाली. "मले धुवायचा कंटाळा."

सुचिताचं बोट टोचलं. रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर पडला. एक रेघ आली तर काही नाही, आणखी आली तर मलेरिया, आणि तोवर थांबायचं, असं आशाताईंनी सांगितलं. अर्जुनरावांनी माईक बंद केला, यावरून वेळ कशी होती ते कळेल. सत्यभामाबाई सुनेच्या पायाशी जमिनीवर बसल्या, सतरंजी नसलेल्या मातीत, चांगल्या लुगड्यानिशी. विमलबाई येऊन त्यांना खेटून बसली आणि तिनं त्यांचा हात धरला. तिच्या हाताला शेण होतं. बाईंनी तो सोडला नाही.

"पोरी, मले माफ कर," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, चांगलंच करून राह्यली."

सुचिताचे डोळे पट्टीवर होते.

शेवटी मॅडमनी पट्टी उजेडात धरली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. "एकच रेघ आहे. मलेरिया नाही. पण अंग कणकणतंय तर उद्या दवाखान्यात दाखवायचं, आणि पुन्हा ताप वाटला तर लगेच तपासायचं."

सत्यभामाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि सगळ्या गावादेखत हमसून हमसून रडल्या. उकंडरावांचीही एकच रेघ निघाली, पण ती कुणी विचारली नाही.

मग मॅडमनी दोघी जावांना समोर उभं करून असं काही झाडलं की अर्जुनरावांना कौतुक वाटलं. एवढ्या महिन्यांचं काम, दोन घरं त्यातून बाद, पुढं कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? दोघी शाळेतल्या पोरींगत माना खाली घालून ऐकत होत्या. बोलता बोलता मॅडमची नजर त्या कोंबडीवाल्या झालरीवर गेली आणि त्यांनाच हसू फुटलं. त्यांनी नवी मच्छरदाणी काढून सुचिताच्या हातात दिली. "ही चाचणीची नाही, तुझी आहे. हिला जपायचं. धुवायची तर तीन-चार महिन्यांनी, हलक्या हातानं."

सासूबाईंचे हात आपसूक पुढं आले. सुचितानं मच्छरदाणी पोटाशी धरली, सासूकडे पाहिलं, आणि मग सासूला वळसा घालून विमलबाईपुढं जाऊन उभी राहिली.

"काकू, ही माझ्या खाटेवर राहील. पण धुवायची जबाबदारी तुमची."

मांडवात पुन्हा हशा उसळला. विमलबाई दोन पावलं मागं सरकली.

"अव माय, माही कायले? मले कुठी धुता येते!"

"म्हणूनच," सुचिता म्हणाली.

सगळं गाव सत्यभामाबाईंकडे बघत होतं. बाईंचा चेहरा लाल झाला, काहीतरी ओठावर आलं, ते त्यांनी गिळलं. डोळे पुसले, नाक पुसलं.

"विमल," त्या म्हणाल्या, "सावलीत वाळू घालजो."